फ्रान्सचे लोक राजाविरुद्ध का उठले? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इतिहास शिकवतो आणि फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा आला की दरवर्षी फिरून फिरून तेच प्रश्न येतात. मुलं विचारतात, स्पर्धा परीक्षावाले विचारतात, कधीकधी पालकही विचारतात. म्हणून म्हटलं एकदा सगळी उत्तरं एका ठिकाणी लिहून काढू. ज्या प्रश्नात सांगण्यासारखं जास्त आहे तिथं मी जास्त लिहिलंय, बाकीचे पटकन उरकलेत.

एकदम थोडक्यात सांगा, लोक उठले का?

तीन गोष्टी एकाच वेळी घडल्या. सरकारचा खजिना रिकामा झाला, त्याच सुमारास पीक बुडून पाव महागला, आणि नेमकं तेव्हाच राजानं, म्हणजे सोळाव्या लुईनं, स्वतः लोकांना सांगितलं की तुमची गाऱ्हाणी लिहून द्या. माझ्या मते यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि पाठ्यपुस्तकात ती एका ओळीत संपते. उपासमार फ्रान्सला नवी नव्हती हो, १६९३-९४ च्या दुष्काळात दहा लाखांच्या वर माणसं मेली, तरी तेव्हा कुणी राजवाड्यावर चालून गेलं नाही. १७८९ मध्ये माणसं उपाशी होतीच, पण त्यांना पहिल्यांदाच विचारलं गेलं होतं, त्यांनी उत्तर दिलं होतं, आणि मग त्यांच्या डोळ्यांदेखत दार बंद करण्यात आलं.

म्हणजे लोकांना राजाच नको होता का?

नाही, निदान सुरुवातीला तरी अजिबात नाही. १७८९ च्या वसंतात गावागावातून जी गाऱ्हाणी लिहून आली त्यात राजाबद्दल प्रेम आहे, त्याला बाप म्हटलंय, आमचे हाल तुम्हाला कुणी कळवत नाही म्हणून होताहेत असा सगळा सूर आहे. राग होता तो कर वसूल करणाऱ्यांवर, जमीनदार उमरावांवर, धान्य दाबून ठेवणाऱ्या व्यापाऱ्यांवर, मंत्र्यांवर आणि राणीवर. राजावरचा विश्वास उडायला पुढं दोन वर्षं लागली, राजेशाही रद्द झाली ती सप्टेंबर १७९२ मध्ये. हा तीन वर्षांचा प्रवास लक्षात घेतला नाही तर क्रांती समजत नाही असं मला तरी वाटतं.

ते तीन वर्ग म्हणजे तीन इस्टेट, ते नक्की काय होतं?

फ्रान्सची लोकसंख्या तेव्हा साधारण २ कोटी ८० लाख. कायद्यानं समाजाचे तीन भाग होते. पहिला पाद्र्यांचा, दुसरा उमरावांचा, आणि उरलेले सगळे तिसऱ्यात. उरलेले म्हणजे शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव लोक! त्यात शेतमजूरही आला, चांभार, सुतार, कपडे धुणारी बाई, आणि बोर्दोचा गडगंज व्यापारी आणि वकील पण आला. त्यामुळं तिसरा वर्ग म्हणजे गरीब असं सरसकट धरू नका. आणि पहिल्या वर्गातही गावचा साधा पाद्री अर्धपोटी राहायचा, तर बिशप बहुतेक सगळे उमराव घराण्यातले. हा गावचा पाद्री पुढं ऐन वेळी तिसऱ्या वर्गाच्या बाजूनं गेला, त्याचं कारण इथं आहे.

चर्चकडं देशातली साधारण दहावा हिस्सा जमीन होती, वर शेतकऱ्याच्या पिकातून चर्चचा दशांश वेगळा.

शिकलेल्या मध्यमवर्गाचं दुखणं वेगळं होतं. पैसा आहे, शिक्षण आहे, पण जन्म आडवा येतो. १७८१ मध्ये सैन्यात असा नियम आला की थेट अधिकारी व्हायचं तर चार पिढ्यांचं उमरावपण सिद्ध करून दाखवा. हुशार पोराला सांगितलं जातंय की तुझा पणजोबा कोण होता ते आधी दाखव. जन्मावरून दार बंद होणं म्हणजे काय ते आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

कर एवढे जाचक होते का? कुठले कर?

जास्त होते त्यापेक्षा अन्यायाचे होते असं म्हणणं बरोबर. मुख्य कर होता टाय, जमिनीवरचा आणि माणसावरचा. उमराव आणि पाद्री त्यातून सुटलेले. बाकीचे एकदोन कर कागदावर उमरावांनाही लागू होते पण ओळखीपाळखीनं, सवलतींनी ते हलके व्हायचे, आणि चर्च तर स्वतःला वाटेल तेवढी रक्कम भेट म्हणून द्यायचं. ज्याच्याकडं कमी त्याच्यावर ओझं जास्त.

पण लोकांच्या मनात सगळ्यात जास्त चीड होती ती मिठाच्या कराची, गाबेल म्हणत त्याला. हा कर प्रांताप्रांतात वेगळा. ब्रिटनी प्रांतात जवळपास माफ, आणि शेजारच्याच मेन प्रांतात मिठाचा भाव वीसपट आणि त्याहूनही जास्त. मध्ये फक्त एक हद्द. बरं महाग आहे तर कमी खाऊ म्हणाल तर तेही चालायचं नाही, कडक कराच्या भागात आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागं वर्षाला साधारण सात किलो मीठ सरकारी कोठारातून घ्यायलाच पाहिजे असा नियम. आणि हे मीठ फक्त स्वयंपाकाला आणि ताटात घ्यायला! हिवाळ्यासाठी डुकराचं मांस खारवायचं असेल तर ते मीठ वेगळं विकत घ्यायचं, ताटातलं मीठ मांसाला लावलेलं सापडलं तर दंड. शिपाई घरात घुसून मडकी तपासायचे. साहजिकच मिठाची चोरटी वाहतूक सर्रास चालायची, बायका-पोरं कपड्यात लपवून न्यायची, कुत्र्यांच्या अंगाला मिठाच्या थैल्या बांधून त्यांना हद्दीपार पळवायचे, आणि सापडलेल्या पुरुषांना सक्तमजुरी.

१९३० मध्ये आपल्या कोकणात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, त्या भागातल्या माणसाला हे लगेच कळेल. मीठ ही गोष्टच अशी आहे की ती कुणाला टाळता येत नाही, म्हणून राज्यकर्त्यांना तिच्यावर कर बसवायचा मोह होतो आणि म्हणूनच लोकांना तो जिव्हारी लागतो.

कर गोळा कोण करायचं?

खाजगी मक्तेदार. मीठ, तंबाखू, शहरात येणाऱ्या मालावरची जकात हे सगळं सरकारनं मक्त्यानं दिलेलं होतं. मोठ्या सावकारांची एक मंडळी सरकारला आगाऊ रक्कम द्यायची आणि मग लोकांकडून वसूल करायची, वरचा फायदा त्यांचा. या मंडळींनी १७८५ च्या सुमाराला पॅरिसभोवती भिंत बांधायला घेतली, जकात चुकवून माल आत येऊ नये म्हणून. वाइन, लाकूडफाटा, भाजी, सगळं जकात नाक्यातून. बॅस्टिल हा पॅरिसमधला तुरुंग-किल्ला पडायच्या आधी, १२ जुलै १७८९ च्या सुमाराला लोकांनी पहिली आग लावली ती या नाक्यांना, हे फार कमी जणांना माहीत असतं. मोठा रसायनशास्त्रज्ञ लव्हॉझिए हासुद्धा या मक्तेदारांपैकी एक, आणि १७९४ मध्ये त्याला गिलोटिनवर, म्हणजे मान कापायच्या यंत्रावर, नेलं ते याच कारणानं.

गावातल्या शेतकऱ्याचं रोजचं जगणं कसं होतं?

फ्रान्समधला शेतकरी बहुतेक ठिकाणी गुलाम नव्हता, बऱ्याच जणांकडं स्वतःचा तुकडा होता. पण त्या तुकड्यावर सरंजामदाराचे हक्क बसलेले. धान्य दळायचं तर सरंजामदाराच्याच गिरणीत, पाव भाजायचा तर त्याच्याच भट्टीत, द्राक्षं पिळायची तर त्याच्याच घाण्यावर, आणि प्रत्येक ठिकाणी मोबदला. त्याची कबुतरं येऊन पेरलेलं दाणं टिपून जातील पण त्यांना मारायचं नाही, ससे पीक खातील तरी हात लावायचा नाही कारण शिकारीचा हक्क सरंजामदाराचा. डोळ्यांदेखत पेरणी खाल्ली जाते आणि माणूस फक्त बघत उभा. गाऱ्हाण्यांमध्ये या कबुतरांचा उल्लेख इतक्या वेळा येतो की वाचताना गलबलून येतं.

एक प्रसंग सांगतो. आर्थर यंग नावाचा इंग्रज शेतीतज्ज्ञ तेव्हा फ्रान्समध्ये फिरत होता. १२ जुलै १७८९, म्हणजे बॅस्टिलच्या दोन दिवस आधी, लॉरेन भागात एक चढ लागला म्हणून तो घोडीवरून उतरून चालायला लागला, तर एक बाई बरोबरीनं चालत बोलायला लागली. तिच्या नवऱ्याकडं जमिनीचा तुकडा, एक गाय आणि एक लहानखुरं घोडं. त्यावर एका सरंजामदाराला गहू आणि तीन कोंबड्या, दुसऱ्याला ओट, एक कोंबडी आणि एक सू (छोटं फ्रेंच नाणं), आणि सरकारचे कर वेगळे. पदरात सात मुलं. यंगला ती लांबून साठ-सत्तर वर्षांची म्हातारी वाटली, कंबरेत वाकलेली, चेहरा सुरकुतलेला. तिनं सांगितलं मी अठ्ठावीस वर्षांची आहे. आणि ती असंही म्हणाली की आमच्यासारख्या गरिबांसाठी कुणीतरी मोठी माणसं काहीतरी करणार आहेत असं ऐकलंय, कोण आणि कसं ते ठाऊक नाही. मला वर्गात १७८९ समजावताना या बाईपेक्षा चांगलं उदाहरण आजवर मिळालेलं नाही, थकवा आणि आशा दोन्ही एकाच वाक्यात.

खजिना राणीच्या दागिन्या-कपड्यांमुळं रिकामा झाला, बरोबर ना?

नाही. राणी खर्चिक होती हे खरं, पण आकडे बघा. १७८८ च्या हिशेबात खर्च सुमारे ६२ कोटी ९० लाख लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन), उत्पन्न सुमारे ५० कोटी ३० लाख. त्या खर्चातला निम्मा भाग, सुमारे ३१ कोटी ८० लाख, निव्वळ जुन्या कर्जाचं व्याज आणि हप्ते. राजदरबाराचा खर्च साधारण सहा टक्के. म्हणजे व्हर्सायच्या राजवाड्यातले सगळे झुंबर विझवले असते तरी खड्डा भरला नसता.

कर्ज झालं युद्धांमुळं. आधी १७५६ ते १७६३ चं सात वर्षांचं युद्ध, त्यात फ्रान्स हरला, आणि मग इंग्लंडचा सूड घ्यायला अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात उडी घेतली, त्यात एक अब्जाच्या वर लिव्र गेले. अमेरिका स्वतंत्र झाली, फ्रान्सला मिळालं कर्ज. आणि हे सगळं अर्थमंत्री नेकेरनं नवीन कर न लावता कर्जावर चालवलं, वर १७८१ मध्ये हिशेब छापून दाखवला की शिल्लक आहे! लोकांना वाटलं सगळं छान चाललंय.

कर्ज कसं काढायचे तेही बघण्यासारखं आहे. सरकार आजीवन वर्षासन विकायचं, म्हणजे तुम्ही आज एकरकमी पैसे द्या, ज्याचं नाव लावाल तो माणूस जिवंत असेपर्यंत दरवर्षी ठरलेली रक्कम मिळेल. गंमत अशी की वय काहीही असो दर सारखाच. जिनिव्हाच्या सावकारांनी काय केलं, चांगल्या घरातल्या, देवी येऊन गेलेल्या, धडधाकट लहान मुली शोधल्या, साधारण तीस मुलींची यादी केली आणि त्यांच्या नावावर वर्षासनं घेतली. त्या मुली दीर्घायुषी व्हाव्यात म्हणून डॉक्टर ठेवले. आणि त्यांचा प्रत्येक वाढदिवस मिठाच्या करातून भरला जात होता.

मग सरकारनं कर सुधारले का नाहीत?

प्रयत्न केले, एकदा नाही अनेकदा. अर्थमंत्री म्हणून तुर्गो आला १७७४ मध्ये, त्याला १७७६ मध्ये घालवलं. पुढचा अर्थमंत्री कालोननं १७८७ च्या फेब्रुवारीत मान्यवरांची सभा बोलावून सांगितलं की जमिनीवर सगळ्यांनी सारखा कर द्या, ती मान्यवर मंडळी म्हणजे उमराव आणि बिशप, त्यांनी नकार दिला. मग ब्रिएन आला, त्याला पॅरिसच्या उच्च न्यायालयानं, ज्याला पार्लमां म्हणत, अडवलं. हे न्यायाधीश पदं विकत घेतलेले उमरावच, पण ते म्हणाले नवा कर लावायचा अधिकार फक्त इस्टेट्स जनरललाच, म्हणजे तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींच्या सभेलाच, आहे, आणि लोकांनी त्यांचा जयजयकार केला. १७८८ च्या जूनमध्ये ग्रनोबल शहरात लोकांनी छपरांवर चढून सैनिकांवर कौलं फेकली ती या न्यायाधीशांच्या बाजूनं. म्हणजे राजाला पहिला विरोध केला तो सवलती वाचवणाऱ्या वरच्या लोकांनीच, हे विसरू नका.

तेव्हा आपल्या देशातलं कुणी फ्रान्समध्ये होतं का?

हो, आणि ऐन मोक्याच्या वेळी. टिपू सुलतानानं इंग्रजांविरुद्ध मदत मागायला तीन वकील, म्हणजे राजदूत, पाठवले होते. १० ऑगस्ट १७८८ ला सोळाव्या लुईनं व्हर्सायला मोठा दरबार भरवून त्यांची भेट घेतली, बघायला ही गर्दी. आणि १६ ऑगस्टला, सहा दिवसांनी, सरकारनं देणी थांबवली. दिवाळं निघालं होतं! वकिलांना मानसन्मान मिळाला, फौज काही मिळाली नाही, कारण द्यायला काही नव्हतंच. मला हा आठवडा फार बोलका वाटतो.

पावाचं एवढं काय?

गरीब फ्रेंच माणसाचं जेवण म्हणजे पाव आणि पातळ सूप. आपल्याकडं भाकरी जशी तसा. पाव महागला म्हणजे सगळंच महागलं.

१३ जुलै १७८८ ला उभ्या पिकावर भयंकर गारपीट झाली, आधीच पीक बेताचं होतं. नंतरचा हिवाळा इतका कडक की सेन नदी गोठली, पाणचक्क्या बंद, म्हणजे गहू आहे पण दळता येत नाही. पॅरिसमध्ये चार पौंडांचा पाव एरवी आठ-नऊ सूला मिळायचा, तो फेब्रुवारी १७८९ पर्यंत साडेचौदा सूवर गेला आणि जुलैपर्यंत तिथंच राहिला. बांधकामावरच्या मजुराची दिवसाची कमाई वीस ते तीस सू. सणवार, रविवारची सुट्टी बिनपगारी, त्यामुळं खरी सरासरी त्याहून कमी. आता घरात चार तोंडं असतील तर हिशेब तुम्हीच करा, पाव घेतल्यावर भाडं, सरपण, पोराच्या पायातलं यासाठी हातात काय उरणार. त्यात १७८६ च्या व्यापारी करारानं इंग्लंडचं स्वस्त कापड आलं आणि विणकरांची कामं गेली.

एप्रिल १७८९ च्या शेवटी पॅरिसच्या सेंट आंत्वान वस्तीत रेव्हेयों नावाच्या वॉलपेपर कारखानदाराचं घर लोकांनी फोडलं, तो मजुरी कमी करा म्हणाला अशी बातमी पसरली म्हणून. तो तसंच म्हणाला होता का हा वेगळा विषय, सैन्यानं गोळीबार केला आणि बरेच जण मेले.

राणी म्हणाली का की पाव नसेल तर केक खा?

नाही म्हणाली. ही गोष्ट रूसो या फ्रेंच विचारवंतानं एका थोर राजकन्येच्या नावावर लिहून ठेवली, त्यात केक नाही, ब्रिऑश नावाचा लोण्या-अंड्याचा गोडसर पाव आहे. आणि रूसोनं ते लिहिलं तेव्हा ही राणी, मारी आंत्वानेत, ऑस्ट्रियात होती, दहाएक वर्षांची. पण लोकांचा तिच्यावर विश्वास नव्हता हे खरं. १७८५ च्या हिऱ्यांच्या हाराच्या प्रकरणात तिचा काडीचा संबंध नव्हता, ठगांनी तिच्या नावावर एका कार्डिनलला फसवलं होतं, तरी बदनामी तिचीच झाली.

लुई जुलमी होता का?

मला तो जुलमी वाटत नाही. १७७४ मध्ये गादीवर आला तेव्हा वय १९. त्यानं चौकशीतला छळ कमी केला, प्रोटेस्टंट लोकांना १७८७ मध्ये नागरी हक्क दिले. कुलुपं बनवायचा आणि शिकारीचा नाद. अडचण ही की तो ठरवायचा आणि मग माघार घ्यायचा, मंत्री आणायचा आणि दरबारानं कुजबुज केली की काढायचा. साध्या काळात असा राजा खपून गेला असता.

व्होल्टेअर, रूसो यांच्यामुळं क्रांती झाली असं परीक्षेत लिहायचं का?

एक कारण म्हणून लिहा, एकमेव म्हणून लिहू नका. दोघंही १७७८ मध्येच वारले. त्यांच्या विचारांनी वकील, डॉक्टर, पत्रकार यांना शब्द दिले, आपल्याला जे खुपतं त्याला अन्याय म्हणायचं धाडस दिलं. पण आर्थर यंगला चढावर भेटलेल्या त्या बाईनं रूसो वाचला नव्हता.

गाऱ्हाण्यांच्या वह्या म्हणजे काय?

खजिना रिकामा झाल्यावर राजाला इस्टेट्स जनरल बोलवावीच लागली, तिन्ही वर्गांची सभा, जी १६१४ नंतर १७५ वर्षांत भरलीच नव्हती. जानेवारी १७८९ मध्ये राजाचं पत्र निघालं, प्रतिनिधी निवडा आणि गाऱ्हाणी लिहून पाठवा. चर्चमधून ते वाचून दाखवलं गेलं. मग गावोगावी कर भरणारे पंचविशीच्या वरचे पुरुष चर्चमध्ये नाहीतर एखाद्या मोठ्या खोलीत जमले आणि लिहिता येणारा कुणीतरी लिहू लागला. अशा साधारण साठ हजार वह्या तयार झाल्या!

कल्पना करा हो. ज्याला आयुष्यात कुणी काही विचारलं नाही तो माणूस थंडीत उभा राहून सांगतोय की मिठाचा कर काढा, कबुतरं आवरा, गिरणीचा हक्क बंद करा, सगळ्यांनी सारखा कर भरा, आणि कुणीतरी ते शाईनं उतरवून घेतंय. एकदा असं बोलून झाल्यावर माणूस पहिल्यासारखा गप्प घरी जाईल का? अनेक गावांत लोकांनी त्याच वसंतात सरंजामदाराची देणी द्यायचं थांबवलं, त्यांना वाटलं राजानं विचारलंय म्हणजे आता रद्दच होणार.

मग इस्टेट्स जनरलमध्ये बिनसलं कुठं?

मतदानावर. ५ मे १७८९ ला व्हर्सायला सभा सुरू झाली. तिसऱ्या वर्गाला दुप्पट प्रतिनिधी दिले, सुमारे सहाशे, पण मत वर्गाला एक. म्हणजे पाद्री एक, उमराव एक, आणि ९७ टक्के लोकांचं मिळून एक. दोनास एक, संपला विषय. मिरवणुकीत सुद्धा उमराव पिसांच्या टोप्या आणि जरीत, तिसऱ्या वर्गानं साधे काळे कपडे घालायचे असा नियम. पहिल्या दिवशी नेकेरनं तीन तास आकडे वाचले, त्याचा आवाज बसला म्हणून पुढचं दुसऱ्यानं वाचलं, पण मतदानाबद्दल कुणी स्पष्ट बोललंच नाही.

सहा आठवडे नुसती ओढाताण. शेवटी १७ जूनला तिसऱ्या वर्गानं स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणून जाहीर केलं. २० जूनला सकाळी पावसात प्रतिनिधी आले तर सभागृहाला कुलूप आणि बाहेर शिपाई. सांगितलं की राजेसाहेबांच्या भाषणासाठी आत दुरुस्ती चालू आहे. ते जवळच्या टेनिस कोर्टात गेले, बसायला धड बाक नाहीत, आणि तिथं शपथ घेतली की संविधान होईपर्यंत आम्ही पांगणार नाही. फक्त एकानं विरोध नोंदवला. आणखी एक लक्षात ठेवा, ४ जूनला राजाचा सात वर्षांचा थोरला मुलगा वारला होता. बाप म्हणून तो खचलेला होता आणि नेमके तेच दिवस निर्णयाचे होते.

बॅस्टिल का फोडली? कैद्यांना सोडवायला?

बंदुकीच्या दारूसाठी. कैदी आत फक्त सात होते. राजानं पॅरिसभोवती सैन्य जमवलं, त्यात परदेशी पलटणी, आणि ११ जुलैला लोकांच्या आवडत्या नेकेरला काढलं. शहरात घबराट, आता आपल्यावर गोळ्या चालणार. १४ तारखेला सकाळी लोकांनी अँव्हालिद या जुन्या सैनिकांच्या आश्रमातून हजारो बंदुका नेल्या, पण दारूगोळा होता बॅस्टिलमध्ये. दुपारभर लढाई, हल्ला करणारे शंभरच्या आसपास मेले, त्यात सुतार, कुलुपवाले, छोटे दुकानदार, कारागीर. किल्लेदाराला लोकांनी रस्त्यात मारून टाकलं आणि त्याचं डोकं भाल्यावर मिरवलं. हे क्रौर्य होतं, ते झाकायचं कारण नाही.

गावांत काय झालं?

जुलैच्या उत्तरार्धात अफवा पसरली की उमरावांनी पाठवलेले लुटारू पिकं कापायला येताहेत. लुटारू आलेच नाहीत, पण शेतकरी कोयते-विळे घेऊन जमले होते, ते गढ्यांकडं वळले आणि देण्यांचे जुने दस्तऐवज मागून जाळू लागले. बऱ्याच ठिकाणी कागद मिळाले की लोक घरी गेले. हे ऐकून ४ ऑगस्टच्या रात्री राष्ट्रीय सभेत उमराव एकामागून एक उठून आपापले हक्क सोडत गेले, कबुतरखान्यांचा हक्क सुद्धा. काही देण्यांचा मोबदला मात्र मागितला गेला आणि तो वाद पुढं १७९३ पर्यंत चालला.

बायकांचा मोर्चा खरंच झाला होता?

झाला होता. ५ ऑक्टोबर १७८९, पॅरिसच्या बाजारातल्या बायका, कोळिणी, भाजीवाल्या, पावसात वीसेक किलोमीटर चालत व्हर्सायला गेल्या, पाव पाहिजे म्हणून. दुसऱ्या दिवशी राजा, राणी आणि राजपुत्राला घेऊनच परत आल्या, बरोबर पिठाच्या गाड्या. आम्ही भटारी, भटारीण आणि भटाऱ्याचं पोर घेऊन येतोय असं ओरडत होत्या. अजूनही त्यांना वाटत होतं राजा जवळ असला की पाव मिळेल.

राजावरचा विश्वास कधी उडाला?

२० जून १७९१ च्या रात्री. राजा नोकराच्या वेषात कुटुंबासह पूर्व सरहद्दीकडं पळाला, वारेनला पकडला गेला. मागं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलेलं पत्र, की मी आजवर मान्य केलं ते जबरदस्तीनं केलं. त्याला परत आणलं तेव्हा पॅरिसचे लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गप्प उभे होते, कुणी टोपी काढली नाही. मग एप्रिल १७९२ मध्ये ऑस्ट्रियाशी युद्ध, राजा शत्रूला फितूर असल्याचा संशय, १० ऑगस्टला राजवाड्यावर हल्ला, आणि २१ जानेवारी १७९३ ला गिलोटिन.

डॉ. आंबेडकरांचा आणि फ्रेंच राज्यक्रांतीचा संबंध काय?

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी भाषणात १७८९ च्या व्हर्सायच्या सभेचं उदाहरण दिलं, आपली सभाही त्याच जातीची आहे असं सांगितलं. पाण्यासाठी जमलेल्या लोकांसमोर हे बोलणं मला फार मोठं वाटतं, तळं आणि टेनिस कोर्ट एका रांगेत. पण १९५४ च्या आकाशवाणीवरच्या भाषणात त्यांनी हेही स्पष्ट केलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता हे तत्त्व मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनं घेतलेलं नाही, माझे गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतलं आहे. परीक्षेत लिहाल तर दोन्ही लिहा.

१४ जुलै हा फ्रान्सचा राष्ट्रीय दिवस म्हणजे बॅस्टिलचाच ना?

दोन्हीचा. १८८० मध्ये कायदा झाला तेव्हा १७८९ ची बॅस्टिल आणि १७९० चा एकतेचा सोहळा हे दोन्ही दिवस डोळ्यांसमोर होते. त्या सोहळ्यासाठी पॅरिसच्या लोकांनी स्वतः फावडी-घमेली घेऊन मैदान तयार केलं, पाद्री, बायका, शिपाई सगळे माती ओढत होते. त्या दिवशी धो धो पाऊस होता. लुईनं संविधानाची शपथ घेतली, राणीनं राजपुत्राला उचलून दाखवलं, आणि चिंब भिजलेल्या त्या लाखो लोकांनी राजाचा जयजयकार केला.